हंगेरीचे उपवासाचे ताट

व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट ही तीन शहरे एकाच सहलीत पाहण्याची प्रथा आता व्यापारी कुटुंबांत चांगलीच रुळली आहे. डॅन्यूबच्या दोन तीरांवर वसलेले बुडापेस्ट पाहून परतलेली मंडळी संसद भवनाचे वर्णन करतात, साखळी पुलाचे करतात, उष्ण झऱ्यांच्या स्नानगृहांचेही करतात. तिथे काय खाल्ले असे विचारले, की उत्तर ठरलेले असते: सहल कंपनीने भारतीय उपाहारगृहात नेले होते, आणि खाखरे बरोबर होतेच. यात गैर काही नाही. तथापि एवढा खर्च करून ज्या देशात जायचे, त्या देशाची एकही चव न घेता परतायचे, हा व्यवहार तोट्याचाच म्हणावा लागेल. विशेषतः हंगेरीच्या बाबतीत, कारण या मांसप्रधान देशाने स्वतःच्या धर्माचरणासाठी एक वेगळे बिनमांसाचे ताट शतकानुशतके जपले आहे. ते पर्यटकांच्या खाद्यपत्रिकेत क्वचितच ठळकपणे दिसते, शोधावे लागते.

प्रथम अडचण स्पष्ट समजून घेतलेली बरी. हंगेरियन स्वयंपाकाचा पाया तीन वस्तूंवर उभा आहे: कांदा, डुकराची चरबी आणि पाप्रिका. त्या चरबीत कांदा परतायचा, पातेले विस्तवावरून उतरवून त्यात पाप्रिका घालायची (साखरेच्या अंशामुळे ती कढत चरबीत क्षणात करपून कडू होते, म्हणून ही खबरदारी), आणि मग पुढचे पदार्थ. जगप्रसिद्ध ‘गुयाश’चा आरंभ असाच होतो. ‘गुया’ म्हणजे गुरांचा कळप आणि ‘गुयाश’ म्हणजे गुराखी. मोठ्या मैदानी प्रदेशातील गुराख्यांनी लोखंडी कढईत उघड्यावर रांधलेले मांसाचे पातळ कालवण पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. ते वाचकांच्या उपयोगाचे नाही, त्याविषयी अधिक लिहिण्याचेही कारण नाही. ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की ज्या पदार्थात मांसाचा तुकडाही दिसत नाही त्याच्या मुळाशीही ही चरबी असू शकते. भोपळी मिरची आणि टोमॅटो यांची ‘लेचो’ नावाची सुंदर लाल भाजी दिसायला निर्दोष असते. परंपरेने तीही चरबीत आणि कांद्यावरच शिजते. चरबीला हंगेरियन भाषेत ‘झीर’ म्हणतात. प्रवासाला निघताना दहा शब्द पाठ करायचे असतील, तर पहिला हा असावा.

आता दुसरी बाजू. हंगेरीने सुमारे हजार वर्षांपूर्वी, राजा इश्तवानच्या काळात, रोमच्या पंथाचा ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या पंथात शुक्रवार हा मांस वर्ज्य करण्याचा दिवस, आणि ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस हा दीर्घ उपवासकाळ. नाताळच्या आदल्या दिवशीही मांस निषिद्ध मानले जाई. गावोगावच्या स्त्रियांना वर्षातील एवढे सारे दिवस चूल पेटवायची होती, ती मांसाविना. त्यातून भाज्या, पीठ, दही, फळे, अक्रोड आणि खसखस यांवर आधारलेली एक संपूर्ण पाककला घडली. चातुर्मास आणि पर्युषणात स्वयंपाकघराची रीत कशी बदलते हे ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. एक भेद मात्र महत्त्वाचा: त्या उपवासात मासे चालत, आणि नाताळच्या आदल्या रात्रीचे माशांचे सूप आजही प्रसिद्ध आहे. म्हणून ‘बिनमांसाचे’ एवढ्या शब्दावर विसंबून राहणे योग्य नाही.

या ताटातील मानाचा पदार्थ म्हणजे ‘फ्योझेलेक’. त्याला सूप म्हणता येत नाही आणि सुकी भाजीही म्हणता येत नाही. भाजी थोड्या पाण्यात शिजवून तिला गव्हाचे पीठ लावून दाटपणा आणायचा, अशी ही कृती. पातळ भाजीला डाळीचे पीठ लावण्याची मराठी घरातील रीत ज्यांना परिचित आहे, त्यांना ही चव परकी वाटणार नाही. पीठ लावण्याचे दोन मार्ग आहेत आणि प्रवाशासाठी त्यांतील फरक फार मोलाचा आहे. पहिल्या मार्गात पीठ स्निग्धात भाजून घालतात. हा स्निग्ध पदार्थ तेल असू शकतो, झीरही असू शकतो. दुसऱ्यात पीठ ‘तेयफ्योल’मध्ये कालवून घालतात. तेयफ्योल म्हणजे विरजलेली साय. हंगेरियन घरात तिच्याशिवाय पान हलत नाही. ही दुसरी कृती असेल, तर चरबीचा प्रश्न बहुधा उरत नाही.

फ्योझेलेकचे प्रकार ऋतूनुसार बदलतात. कोवळ्या मटारचे असते, किंचित साखर घातलेले. त्यात कांदा सहसा नसतो. भोपळ्याच्या जातीच्या कोवळ्या फळाचा लांब कीस काढून शेपू आणि तेयफ्योल घालून केलेले उन्हाळ्यात मिळते. शेपू आवडणाऱ्या घराला तर ते आपलेच वाटेल. ‘शोश्का’ नावाच्या आंबट पालेभाजीचे वसंतात करतात. ही भाजी चुक्याची जवळची नातलग आहे. तिच्यातही साखर पडते आणि चव आंबटगोड होते. पालकाचेही असते, परंतु त्यात लसूण जवळजवळ नेहमीचाच. बटाट्याचे तर असतेच, ते कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांना सोडावे लागेल. तेव्हा मटार, भोपळा आणि शोश्का हे तीन प्रकार आधी विचारावेत, असा हिशेब सोपा पडतो.

येथे एक सावधगिरी. हंगेरियन माणूस फ्योझेलेकला पूर्ण जेवण मानतो, पण त्यावर काहीतरी ठेवण्याची त्याची सवय असते: तळलेले अंडे, नाहीतर खिम्याचा गोळा. या वर ठेवण्याच्या वस्तूला ‘फेलतेत’ म्हणतात. मागणी करतानाच ‘फेलतेत नेलक्यूल’, म्हणजे वर काही न ठेवता, असे स्पष्ट सांगावे. ताट समोर आल्यावर नको म्हणून वरचा गोळा बाजूला सारण्याने ज्याचे समाधान होत नाही, त्याने आधीच बोललेले बरे.

मसुराचे फ्योझेलेक वेगळ्या कारणाने उल्लेखनीय आहे. नववर्षाच्या पहिल्या दिवशी हंगेरियन घरांत मसूर आवर्जून खातात. चपटा, गोल मसूर नाण्यासारखा दिसतो, म्हणून तो जितका खावा तितका वर्षभर पैसा येतो, अशी श्रद्धा आहे. पाडव्याला वहीपूजन करणाऱ्या घरांना या श्रद्धेचे कौतुकच वाटेल. मात्र या मसुरात कांदा बहुधा पडतो आणि कधीकधी धुरी दिलेले मांसही, हे विसरू नये.

पिठाच्या पदार्थांत गोड शेवयांची एक पूर्ण शाखा आहे. उकडलेल्या रुंद शेवयांवर वाटलेली खसखस आणि पिठीसाखर, किंवा अक्रोडाचा कूट, किंवा भाजलेला रवा आणि जर्दाळूचा मुरंबा. हे तेथे पक्वान्न नसून दुपारचे मुख्य जेवण असते, आधी एक सूप घेतले की झाले. आपल्या पुरणपोळीच्या जेवणाशी ताडून पाहिले म्हणजे आश्चर्य ओसरते. अडचण आहे ती शेवयांतच. हंगेरीत सुक्या शेवयांच्या पुडक्यावर एक किलो पिठाला किती अंडी वापरली हे अभिमानाने छापलेले असते: चार अंड्यांच्या, आठ अंड्यांच्या. ‘तोयाश’ म्हणजे अंडे. निव्वळ कडक गव्हाच्या, बिनअंड्याच्या शेवयाही दुकानांत मिळतात. ज्यांना निवासस्थानी स्वयंपाकाची सोय आहे त्यांनी त्या घेऊन, बाजारातील वाटलेली खसखस आणि साखर घालून हा पदार्थ स्वतः करावा. दहा मिनिटांचे काम आहे.

खसखशीविषयी थोडे अधिक लिहावयास हवे, कारण खसखस एवढी मनापासून खाणारे देश थोडेच असतील. तेथील खसखस निळसर करड्या रंगाची असते. ती चिमूटभर घालायची वस्तू नसून वाट्यांनी घालायची आहे, आणि घराघरात ती दळण्याचे खास छोटे यंत्र असते. नाताळात खसखस आणि अक्रोड यांची गुंडाळलेली ‘बेयग्ली’ प्रत्येक घरी होते. परंतु खऱ्या अर्थाने उपवासाचा पदार्थ म्हणजे ‘माकोश गुबा’. शिळ्या पावाच्या चकत्या गरम गोड दुधात भिजवायच्या, त्यांवर भरपूर वाटलेली खसखस आणि पिठीसाखर पेरायची, आणि थोडे भाजून वाढायचे. शिळ्या पोळीचा लाडू वळणाऱ्या काटकसरी गृहिणीची हंगेरियन बहीणच ही. जुन्या साध्या कृतीत अंडे नाही. अलीकडची उपाहारगृहे मात्र त्यावर अंड्यातील बलकाची पिवळी खीर ओततात, तेव्हा ती नको म्हणून सांगावे. एका गोड पदार्थासाठी वाट वाकडी करायची झाली, तर ती याच पदार्थासाठी करावी.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी ‘मेद्यलेवेश’ चुकवू नये. आंबट चेरी, साखर, दालचिनी, लवंग, आणि शेवटी पीठ कालवलेली विरजलेली साय. हे सारे शिजवून गार करतात आणि जेवणाच्या आरंभी वाढतात. गुलाबी रंगाची, थंड, आंबटगोड कढीच म्हणा ना. काही ठिकाणी त्यात वाइन घालतात, एवढे विचारून घ्यावे. त्याउलट आलुबुखाऱ्याचे प्रसिद्ध उकडलेले गोळे बटाट्याच्या पारीचे असतात, आणि दह्याच्या चक्क्यासारख्या ‘तूरो’चे गोळे अंड्याने बांधलेले, दोन्ही सोडून द्यावे लागतात. तूरोची खरी मजा घ्यायची तर किराणा दुकानात जावे. तेथे ‘तूरो रुदी’ नावाची, चॉकलेटचे पातळ आवरण असलेली चक्क्याची बोटभर लांब वडी मिळते. ती १९६८ पासून बाजारात आहे आणि हंगेरियन मुलांचे बालपण तिच्याशी जोडलेले आहे. घटकांची यादी पाहून घ्यावी, आणि ज्यांना चीज गोठवणाऱ्या प्राणिजन्य विरजणाचा विचार करावा लागतो त्यांनी तूरोबाबतही तोच विचार करावा.

रस्त्यावरचे खाणे म्हणजे ‘लांगोश’. आंबवलेल्या पिठाची हातभर मोठी तळलेली पोळी, भटुऱ्याची थोरली भावंडे. ‘लांग’ म्हणजे ज्वाळा. पूर्वी पाव भाजण्याच्या दिवशी उरलेल्या पिठाची पोळी भट्टीच्या तोंडाशी ज्वाळेजवळ भाजत, त्यावरून हे नाव पडले; तळण्याची पद्धत नंतरची. आज ती बहुतेक तेलात तळली जाते, पण लसणाचे पाणी फासणे ही तिची ओळख आहे, आणि काही विक्रेते पिठात बटाटा घालतात. फक्त साय घातलेली, लसणाविना मागता येते. खमीरही न चालणाऱ्यांनी दुरूनच वास घ्यावा. ‘पोगाचा’ हा खारा छोटा गोल पाव मात्र सोडलेलाच बरा, कारण त्यात चरबी किंवा चरबीचा चुरा घालण्याची परंपरा जुनी आहे. एरवी त्याचे स्थान मानाचे: हंगेरियन लोककथांत धाकटा मुलगा नशीब काढायला घराबाहेर पडतो, तेव्हा आई त्याच्या झोळीत राखेत भाजलेले पोगाचा बांधून देते. प्रवासाला निघताना शिदोरी बांधण्याची चाल सर्वत्र सारखीच.

मिठाईच्या दुकानांतील बहुतेक केक अंड्यांचे असतात. तरीही ‘दोबोश’ केकची हकिकत व्यापाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. योझेफ दोबोश या बुडापेस्टच्या खाद्यपदार्थ विक्रेत्याने १८८५ च्या राष्ट्रीय प्रदर्शनात पातळ थरांचा, लोणी-चॉकलेटच्या मलईचा आणि वरून कडक साखरेचे झाकण असलेला हा केक मांडला. शीतपेट्या दुर्मीळ असलेल्या काळात तो अनेक दिवस टिके, म्हणून खास पेटीतून परगावी धाडता येई. नकला पुष्कळ झाल्या, पण मूळ कृती कोणाला साधेना. अखेर १९०६ मध्ये दोबोश यांनी कृती मिठाईवाल्यांच्या संघाला देऊन टाकली, आणि गुपित संपले तरी नाव राहिले. खाण्यासाठी त्याऐवजी ‘रेतेश’ पाहावा. एका मोठ्या टेबलावर पीठ ओढत ओढत इतके पातळ करतात, की त्याखालचे वर्तमानपत्र वाचता यावे. मग त्यात आंबट चेरी, सफरचंद, खसखस किंवा कोबी भरून गुंडाळून भाजतात. तुर्कांच्या पापुद्र्याच्या मिठाईशी त्याचे नाते सांगतात. पिठात अंडे आहे का आणि वरून लोणी लावले की झीर, हे दोन प्रश्न विचारावेत. नाताळाच्या बाजारात टांगलेले लाल हृदयाकार केक मधाचे असतात. ‘मेझ’ म्हणजे मध, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न विचारायचे तर ते कसे, हा खरा व्यावहारिक मुद्दा आहे. ‘शाकाहारी’ या शब्दात तेथे अंडे येते, आणि झीरविषयी वाढपी स्वतः विचार करीलच असे नाही. त्यापेक्षा ‘वेगान’ हा शब्द बुडापेस्टमध्ये अधिक उपयोगी पडतो: मांस, मासे, अंडे, चरबी, मध, सारे एका शब्दात बाद होते. दूधही बाद होते हे खरे, पण ते नंतर मागून घेता येते. उरतात कांदा आणि लसूण: ‘हॉद्यमा’ आणि ‘फोकहॉद्यमा’. बटाटा ‘क्रुम्पली’. हे शब्द कोणाकडून तरी हंगेरियन लिपीत एका कागदावर लिहून घ्यावेत, कारण उच्चार जमला नाही तरी वाचता येतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार उपाहारगृहांना चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी लागते. पुष्कळ खाद्यपत्रिकांत पदार्थापुढे बारीक आकडे असतात ते याचसाठी. नियमातील क्रम पाळलेला असेल, तर तीन म्हणजे अंडे, चार म्हणजे मासे आणि सात म्हणजे दूध. किल्ली शेवटच्या पानावर छापलेली असते, ती पाहूनच खात्री करावी. चरबी, कांदा आणि लसूण या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी तोंडी चौकशीला पर्याय नाही. सूप असेल तर ते मांसाच्या पाण्यावर केलेले नाही ना, हेही विचारावे.

दोन ठिकाणी ही चौकशी बरीच हलकी होते. बुडापेस्टच्या दोहान्य रस्त्यावरील भव्य सिनेगॉगच्या परिसरात ज्यू धर्मनियमांनुसार चालणारी उपाहारगृहे आहेत. त्या धर्मात दूध आणि मांस एकत्र येत नाही आणि डुक्कर पूर्ण निषिद्ध. त्यामुळे ज्या स्वयंपाकघरावर ‘दुधाचे’ अशी पाटी आहे तेथे चरबी आणि मांस दोन्ही नसते. अंडे, मासे आणि कांदा मात्र असू शकतात. दुसरे ठिकाण शहराबाहेर, बालातोन सरोवराच्या दक्षिणेस: सोमोद्यवामोश या खेड्याजवळ कृष्णभक्तांनी वसवलेली ‘कृष्ण दरी’. तेथील प्रसादात मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण काहीच नसते. बटाट्याचे तेवढे विचारून घ्यावे.

वेळेचा प्रश्नही आहे. हंगेरीत मुख्य जेवण परंपरेने दुपारचे. कामाच्या दिवशी लहान भोजनालये दुपारी ठरलेल्या किमतीत दोन-तीन पदार्थांचे ताट देतात, ते संध्याकाळच्या जेवणापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, आणि फ्योझेलेक मिळण्याची शक्यता तेथेच सर्वाधिक. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना ही व्यवस्था चांगली मानवते. जूनमध्ये बुडापेस्टचा सूर्य रात्री साडेआठनंतर मावळतो, तेव्हा अडचण नाही. डिसेंबरात मात्र तो दुपारी चारच्या आधीच मावळतो. नाताळाचे बाजार पाहायला जाणाऱ्या आणि चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाने सहल कंपनीला रात्रीच्या भोजनाऐवजी दुपारचे भोजन ठरवायला आधीच सांगावे. तेथे पोहोचल्यावर ते जमत नाही.

परतीच्या खरेदीसाठी १८९७ मध्ये उघडलेली पेश्त बाजूची मोठी मंडई उत्तम. वरून रंगीत कौले, आत उंच लोखंडी कमानी, आणि गाळ्यागाळ्यात टांगलेल्या पाप्रिकाच्या माळा. मिरचीचा व्यापार जाणणाऱ्याने येथे तासभर सहज घालवावा. पाप्रिका ही मिरचीच, तुर्की अमलाच्या काळात तिकडे पोहोचलेली. सेगेद आणि कालोचा या दोन गावांच्या मालाला अधिक मान. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सेगेदच्या पाल्फी बंधूंनी शिरा आणि बिया काढण्याची यांत्रिक पद्धत बसवली, आणि तिखटपणा कमी, रंग कायम असा माल मोठ्या प्रमाणात निघू लागला. त्याच सेगेदच्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांनी पाप्रिकातून क जीवनसत्त्व विपुल प्रमाणात वेगळे काढले. पत्नीने रात्री जेवायला दिलेली पाप्रिका खायची इच्छा नव्हती, म्हणून ती प्रयोगशाळेत नेली, अशी आठवण ते सांगत. १९३७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यात या कामाचा वाटा होता.

घ्यायची ती ‘एदेशनेमेश’ जातीची; गोड वासाची, लालभडक, तिखट जवळजवळ नाही. सुट्या मालाऐवजी बंद पाकीट घ्यावे. १९९४ मध्ये शिशाचा लाल रंग मिसळलेली पाप्रिका बाजारात आल्याने तेथे मोठा गहजब झाला होता आणि तपासणी कडक झाली. तरी गाळ्यावरच्या सुंदर कापडी पिशवीतल्या भुकटीपेक्षा उत्पादकाचे नाव, वर्ष आणि प्रत छापलेले पाकीट विश्वासाचे. खसखस मात्र आणू नये. परतीचे विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल, तर संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा बंदी असलेला अमली पदार्थ मानला जातो, आणि भेट म्हणून घेतलेली खसखशीची बेयग्लीही त्यातून सुटत नाही. पाप्रिका घरी आल्यावर काचेच्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवावी आणि वर्षाच्या आत संपवावी. त्यानंतर रंग विटतो आणि वास जातो.